गंधर्व भांडतात का हो? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात म्हटलं होतं की पुराणातल्या गाण्याबजावण्यात रमलेल्या लोकांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, तर इतकी पत्रं आली की सगळी घेणं शक्य नाही. जी घेतली ती बघा.

प्रश्न : ताई, मी एक फॅन्टसी कादंबरी लिहितोय, म्हणजे सध्या मोबाईलच्या नोट्समध्येच आहे. त्यात गंधर्वांचं एक गाव आहे. तिथे शस्त्र कुणी पाहिलेलं नाही, दिवसभर गाणं चालतं आणि भांडण हा प्रकारच नाही. आपल्या ग्रंथांमध्ये गंधर्व असेच आहेत ना? त्यांचे रीतिरिवाज कुठे वाचायला मिळतील? – एक वाचक, नाशिक

उत्तर : कादंबरी लिहा, जरूर लिहा, पण ते "भांडण हा प्रकारच नाही" वालं जरा तपासून घ्या बुवा. महाभारत उघडलं की गंधर्व मारामारी करतानाही भेटतात. शंतनू आणि सत्यवतीचा मोठा मुलगा चित्रांगद कसा मेला आठवतंय? त्याच्याच नावाचा एक गंधर्व आला, दोघांचं तीन वर्षं युद्ध चाललं, आणि गंधर्वाने याला मारलं. नाव एकच, यावरून!

पुढे वनपर्वात दुर्योधन गाईगुरांची मोजणी करायला म्हणून द्वैतवनात जातो, खरं तर पांडवांना खिजवायला. तिथल्या सरोवरावर चित्रसेन गंधर्व आधीच अप्सरांना घेऊन उतरलेला असतो. दुर्योधनाची माणसं म्हणतात जागा खाली करा, हे म्हणतात तुम्हीच व्हा बाजूला, आणि शेवटी कर्ण पळ काढतो आणि दुर्योधन चक्क कैद होतो. मग युधिष्ठिर भीम-अर्जुनाला पाठवून त्याला सोडवतो. आता मजा अशी की हाच चित्रसेन अर्जुनाचा मित्र आणि गाण्या-नाचातला गुरू, स्वर्गात पाच वर्षं होता तेव्हा अर्जुन त्याच्याकडेच शिकला. म्हणजे सकाळी रियाज घेणारा आणि संध्याकाळी हस्तिनापूरच्या युवराजाला बांधून नेणारा माणूस एकच आहे, आणि मला विचाराल तर कादंबरीसाठी हाच माणूस जास्त कामाचा.

रीतिरिवाजांसाठी मात्र आदिपर्वातलं अंगारपर्ण गंधर्वाचं प्रकरण वाचाच. पांडव रात्रीचे पांचालांकडे निघालेत, पुढे अर्जुन मशाल घेऊन, आणि गंगेच्या पाण्यात अंगारपर्ण आपल्या बायकांबरोबर जलक्रीडा करतोय. तो चिडून सांगतो की संध्याकाळ झाली की पुढचा वेळ यक्ष, गंधर्व आणि राक्षसांचा, माणसांनी आपली कामं दिवसा करावी, आमच्या वेळेला पाण्याजवळ यायचं नाही. अर्जुन म्हणतो गंगा काय तुझ्या एकट्याची आहे का. अर्जुनाच्या अग्न्यस्त्राने त्याचा रथ जळतो, अर्जुन त्याला केसाला धरून ओढत आणतो, त्याची बायको कुंभीनसी युधिष्ठिराचे पाय धरते तेव्हा सुटका होते. आणि लगेच दोस्ती! तो चाक्षुषी विद्या, म्हणजे हवं ते पाहता येण्याची विद्या देतो, घोडे देतो, वर सांगतो की तुमच्याबरोबर पुरोहित नव्हता म्हणून मी अंगावर आलो, आधी एक पुरोहित बघा. धौम्य ऋषी पांडवांना मिळाले ते याच्या सल्ल्याने. म्हणजे रात्रीच्या पाण्यावर हक्क, अपमान झाला की लढाई, हरलं की मनापासून मैत्री आणि भरपूर भेटवस्तू, एवढं एका प्रसंगात मिळतं. तुमच्या गावाला आणखी काय पाहिजे?

प्रश्न : गाणं हे गंधर्वांनीच शोधलं, बरोबर ना? नाट्यशास्त्रात संगीतालाच गांधर्व म्हटलंय असं आमच्या क्लासमध्ये सांगितलं. – संगीत विशारदची विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : नाट्यशास्त्राचं बरोबर सांगितलंय, आणि सामवेदाचा उपवेद म्हणून गांधर्ववेदाचंही नाव घेतात. पण त्याच्याही मागे गेलात तर गोष्ट उलटी निघते, आणि ही माझी फार आवडती आहे. वेदांमध्ये गंधर्वाचं मुख्य काम सोम, म्हणजे देवांचं पेय, राखायचं. देवांना सोम हवा होता, गंधर्वांना बायकांचं भारी वेड, म्हणून देवांनी वाणीला, म्हणजे वाक् देवीला, बाईच्या रूपात त्यांच्याकडे पाठवलं. सोम आला, पण गंधर्व मागोमाग आले, सोम तुमचा तर वाणी आमची म्हणत. मग दोघांनी ठरवलं की तिला आपल्याकडे वळवू, ती ठरवेल ते खरं. शतपथ ब्राह्मणात पुढचं आहे : गंधर्वांनी तिच्यासमोर वेद म्हणायला सुरुवात केली, बघ आम्हाला किती येतं म्हणून, आणि देवांनी काय केलं तर वीणा तयार केली आणि वाजवत गात बसले. वाणी गेली देवांकडे!

त्यावर ग्रंथकाराने बायकांना टोमणा मारून घेतलाय की यांना मेलं गाणं-नाचणंच आवडतं, तो सोडून द्या. पण म्हणजे गंधर्व त्या दिवशी गाण्याच्या बाजूला नव्हतेच, ते पाठांतराच्या बाजूला होते आणि हरले. हेच पुढे देवांचे दरबारी गवई झाले. हरल्यावर ते गाणं शिकले असं कुठे लिहिलेलं नाही, पण लिहिणाऱ्याला ही रिकामी जागा सोन्यासारखी आहे, नाशिकचे वाचक वाचतायत ना?

प्रश्न : गंधर्व फक्त देवाची स्तुती गातात की प्रेमगीतंपण? – एक वाचक, मडगाव

उत्तर : दोन्ही, आणि एकाच गाण्यात. दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या एका सुत्तातला, म्हणजे प्रवचनातला, पंचशिख गंधर्व बघा. इंद्राला बुद्धांना भेटायचं असतं, ते राजगृहाजवळच्या गुहेत ध्यानात, तर एकदम कसं जायचं म्हणून तो पंचशिखाला पुढे पाठवतो. हा पिवळ्या बेलाच्या लाकडाची वीणा घेऊन उभा राहतो आणि गातो काय, तर तिंबरू गंधर्वाच्या मुलीवर केलेलं स्वतःचं प्रेमगीत! मधे मधे अर्हंतांच्या, म्हणजे मुक्त झालेल्या साधकांच्या उपमा. आणि बुद्ध रागावत नाहीत, उलट म्हणतात तुझ्या तारांचा आवाज आणि गळ्याचा आवाज छान मिळतोय, हे गाणं कधी रचलंस? हा सांगतो की मुलीचं मन इंद्राचा सारथी मातली याच्या मुलावर होतं, मग मी तिच्या घरी जाऊन हे गायलो. शेवटी इंद्र खूश होऊन ती मुलगी त्याला देतो. (मातलीच्या मुलाचं काय झालं ते कुणीच विचारत नाही.)

त्याच सुत्तात तीन भिक्खू गंधर्वलोकात जन्मले म्हणून त्यांची कानउघाडणी होते, इतकी साधना करून शेवटी गवयांमध्ये आलात का अशी. म्हणजे देवलोकातसुद्धा गाणाऱ्याची पायरी खालचीच, दरबारात बोलावलं की यायचं आणि वाजवायचं. चुकलं तर शाप. रामायणातला विराध राक्षस मूळचा तुंबरू गंधर्व, रंभेच्या नादात कुबेराच्या सेवेला गेला नाही म्हणून राक्षस झाला. गजेंद्राचा पाय धरणारी मगरसुद्धा हूहू नावाचा गंधर्वच होता.

प्रश्न : आमचं लव्ह मॅरेज, घरचे चेष्टेत गंधर्व विवाह म्हणतात. हा प्रकार गंधर्वांमध्ये खरंच होता का? – लग्नाच्या तयारीत असलेली वाचक, मेलबर्न

उत्तर : अभिनंदन! मनुस्मृतीत विवाहाचे आठ प्रकार आहेत, त्यात मुलगा-मुलगी दोघांच्या इच्छेने जमलेला तो गांधर्व, शकुंतला-दुष्यंताचा आहे तसा. मनू त्याला फार वरचा दर्जा देत नाही, पण कामसूत्रात स्वच्छ म्हटलंय की प्रेम हाच त्याचा पाया म्हणून तो सगळ्यात चांगला. घरच्यांना हे ऐकवा.

आणि तुमच्या लग्नात सगळे विधी होणार असतील तर तिथेही एक गंधर्व आहेच. ऋग्वेदाच्या विवाहसूक्तात वधूला सांगतात की तुझा पहिला पती सोम, दुसरा गंधर्व, तिसरा अग्नी आणि चौथा हा माणूस. त्या विश्वावसू गंधर्वाला हात जोडून विनंती केलीय की बाबा हिचं लग्न झालं, आता ऊठ इथून, दुसरी कुणी बघ. आपस्तंब गृह्यसूत्रात तर लग्नानंतरच्या तीन रात्री नवरा-बायकोच्या मध्ये गंध लावलेला, वस्त्र नाहीतर दोरा गुंडाळलेला एक दंड ठेवायला सांगितलाय आणि चौथ्या रात्री हाच "ऊठ विश्वावसू" मंत्र म्हणून तो काढायचा.

प्रश्न : मग खरंच शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात असे कुणी आहेत की नाहीत? – एक आजोबा, सांगली

उत्तर : आहेत ना आजोबा, किन्नर! नाशिकच्या वाचकांना खरं म्हणजे हेच लोक हवे आहेत, पण नाव गंधर्वांचं मोठं पडतं. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात यांना तुरंगवदन, म्हणजे घोड्याच्या तोंडाचे म्हटलंय, बौद्ध कलेत मात्र वर माणूस आणि खाली पक्षी असे दिसतात, अजिंठ्याला एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रात मागे वाद्य वाजवणारे किन्नर आहेत ते नीट शोधा, पद्मपाणीचा फोटो काढून लोक पुढे सरकतात.

यांचं राहणं जातककथांमध्ये, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींमध्ये, छान आलंय. चंद किन्नर आणि त्याची बायको डोंगरावर राहतात, पावसाळ्यात खाली येत नाहीत, उन्हाळ्यात ओढ्याकाठी उतरतात, फुलं नेसतात, परागकण खातात, वेलींवर झोके घेत गातात. एवढंच. आणि मग काशीचा राजा येऊन तिच्या मोहाने त्याला बाण मारतो. ती राजाला दाद देत नाही, रडत देवांना इतके बोल लावते की इंद्राला येऊन त्याला जिवंत करावं लागतं. दुसऱ्या एका जातकात एक जोडपं मिठी मारून रडताना राजाला दिसतं. कारण काय? ओढ्याला पूर आला म्हणून एक रात्र दोघं दोन काठांवर अडकली होती. आणि ही रात्र होऊन जवळजवळ सातशे वर्षं झालीत! हजार वर्षांचं आयुष्य, मोठं आजारपण नाही, आणि दुःख काय तर एका रात्रीचं. मला हे लोक गंधर्वांपेक्षा कितीतरी जवळचे वाटतात. कुमारसंभवात कालिदास म्हणतो की हिमालयात वारा वेळूच्या भोकांतून घुमतो तो जणू गायला निघालेल्या किन्नरांना सूर धरून देतो, म्हणजे यांना तंबोऱ्यालासुद्धा कुणी माणूस लागत नाही.

ही मंडळी पुढे लांब गेली. जावामध्ये बोरोबुदुरच्या बौद्ध स्तूपावर मनोहरा किन्नरीची अख्खी गोष्ट दगडात आहे, थायलंड आणि म्यानमारमध्ये किन्नरीचे नाच आजही होतात.

प्रश्न : ते गात होते ते राग आपल्याला ऐकायला मिळतील का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : राग नाही, पण तुमच्या गावाजवळच याचं अर्धं उत्तर लिहिलं गेलंय. 13व्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, सिंघण राजाच्या पदरी शार्ङ्गदेव होता, त्याने संगीतरत्नाकर लिहिला. जुन्या संगीतात स्वरांचे तीन ग्राम, म्हणजे सात स्वर लावायच्या तीन रचना मानत, षड्ज, मध्यम आणि गांधार. त्यातले पहिले दोन पृथ्वीवर, गांधार ग्राम फक्त स्वर्गात चालतो, इथे नाही, असं तो सांगतो. म्हणजे ते सप्तक त्यांनी वरच ठेवून घेतलं. त्याच ग्रंथात किन्नरी वीणेचं वर्णन मात्र सविस्तर आहे, लहान आणि मोठी अशा दोन्ही, आणि ती माणसाने बनवून वाजवायची आहे. नाथपंथी जोगी दारावर यायचे त्यांच्या हातात किंगरी नावाचं तंतुवाद्य असायचं, ते तुमच्याकडच्या जुन्या लोकांनी पाहिलं असेल, त्यांना विचारा.

प्रश्न : बालगंधर्व, सवाई गंधर्व, कुमार गंधर्व... आपल्याकडे एवढे गंधर्व कसे? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : कारण आपल्याला यापेक्षा मोठी पदवी सुचतच नाही! नारायण राजहंस लहानपणी टिळकांसमोर गायले आणि त्यांनी बालगंधर्व म्हटलं असं सांगतात. रामभाऊ कुंदगोळकर झाले सवाई गंधर्व, सौदागर गोरे छोटा गंधर्व, आणि शिवपुत्र कोमकली लहान वयातच इतके गायचे की एका मठाच्या स्वामींनी कुमार गंधर्व नाव दिलं, तेच कायम राहिलं. शिवाय गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं त्यामुळे गायनाच्या परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या सर्टिफिकेटपर्यंत हे नाव पोचलं. किन्नर म्हणून पदवी मात्र कुणाला दिलेली माझ्या ऐकण्यात नाही.