जनाची लाज, मनाची लाज

बाळा,

परवा व्हिडिओ कॉलवर आजी तुला म्हणाली, "जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग गं." कॉल संपल्यावर तू विचारलंस, "मनाची लाज म्हणजे काय? लाज तर लोकांपुढे वाटते ना? आणि गिल्टला मराठीत शब्दच नाही का?" मी घाईत होते, "आहे ना, अपराधीपणा" असं म्हणून सुटले. शब्द बरोबर होता, पण तेवढ्यानं उत्तर होत नाही. आपल्या घरात कुणी रडवेलं होऊन "मला अपराधीपणा वाटतोय" असं म्हणालेलं मी कधी ऐकलं नाही. आपण म्हणतो, "मन खातंय."

म्हणून आज नीट लिहिते. सावकाश वाच, अडलं तर विचार.

लाजेबद्दल आपण काय काय बोलतो ते आठव. तोंड दाखवायला जागा उरली नाही. नाक कापलं गेलं. मान खाली गेली. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तोंड, नाक, मान, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी बघतंय, म्हणून तर लपायचंय. चार्ल्स डार्विननं १८७२ मध्ये माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावनांवर पुस्तक लिहिलं, त्यात लाजेनं चेहरा लाल होण्यावर आख्खं प्रकरण आहे. दुसरे आपल्याबद्दल काय विचार करत असतील या विचारानंच चेहरा लाल होतो, असं त्याचं म्हणणं होतं. आता त्या दुसऱ्या भावनेचे शब्द बघ: मन खातं, टोचणी लागते, बोचत राहतं, सल राहतो. इथे चेहरा कुठेच नाही. रात्री दिवा मालवल्यावर, कुणी बघत नसतानाही हे चालूच राहतं. गिल्टला आपल्याकडे एक ठरलेला शब्द नसेल, पण ती भावना कुठे दुखते हे आपल्या भाषेला पक्कं ठाऊक आहे.

आजी जिला मनाची लाज म्हणाली, ती हीच टोचणी.

पण आजीच्या म्हणीतून निम्मंच उत्तर मिळतं, असं मला वाटतं. लोक बघतात ती लाज आणि एकटं असताना होते ती टोचणी, इतकं ते सरळ नाही. बंद खोलीत एकटीनं बसूनही लाजेनं मेल्यासारखं होतं, ते तू गेल्या आठवड्यात अनुभवलंस. खरा फरक हेलन ब्लॉक लुईस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७१ मध्ये मांडला. लाजेत माणूस स्वतःवरच खटला भरतो: "मी कसली मुलगी आहे!" टोचणीत नजर कृतीवर असते: "हे मी काय केलं!" चूक तीच असते, पण पहिल्या वाक्यात तू पूर्णच्या पूर्ण वाईट ठरतेस. दुसऱ्यात एक गोष्ट वाईट ठरते, आणि ती निस्तरायला तू शिल्लक राहतेस.

मी तुझ्यापेक्षा थोडी लहान असताना शुद्धलेखनात शेजारच्या मुलीच्या वहीत बघून लिहिलं होतं. दोघींच्या चुका सारख्या निघाल्या. शिक्षकांनी दोघींनाही वर्गापुढे उभं केलं. "लाज वाटायला हवी," ते म्हणाले, आणि ती मला वाटलीही, इतकी की आजही त्या वर्गातले चेहरे, खिडकीचा उजेड, पायातली चप्पल, सगळं डोळ्यांपुढे येतं. फक्त एक चेहरा आठवत नाही, माझ्याशेजारी उभ्या असलेल्या त्या मुलीचा. तिनं काहीच केलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलंच नाही. कित्येक दिवस मला शिक्षकांचा राग येत होता, हसलेल्या मुलांचा राग येत होता, आणि तिला "माझ्यामुळे तुला उभं राहावं लागलं" एवढं म्हणायचं सुचलंसुद्धा नाही. लाजेनं माझ्यात दुसऱ्या कुणाला जागाच ठेवली नव्हती.

हे माझ्या एकटीचं नाही. जून टँगनी या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका तुरुंगातल्या ४७६ कैद्यांचा अभ्यास केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. केल्या गोष्टीबद्दल ज्यांचं मन खात होतं, ते सुटल्यानंतरच्या वर्षात पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळले. लाजेचं मात्र दोन्हीकडे गेलं. लाज सहन न होऊन जे दुसऱ्यांना दोष देऊ लागले, ते जास्त घसरले. दोष न देता लाजले, त्यांना ती लाज थोडी आवरही घालत होती.

म्हणून लाज म्हणजे वाईटच, असं मी तुला सांगणार नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात चांगल्या गुणांची यादी आहे, तिच्यात 'ह्री' आहे. ह्री म्हणजे लाजच, पण नको ते करायला पाऊल उचलण्याआधी वाटणारी, आपल्याला अडवणारी. ती तुझ्यात असावी असं मला मनापासून वाटतं. केल्यानंतर दुसऱ्यानं अंगावर फेकलेली लाज वेगळी. "लाज नाही वाटत?" हा प्रश्न आपल्याकडे मोठी माणसं फार सहज विचारतात. मीही तुला विचारला आहे. तो मी तुला विचारायला नको होता.

आता तुझ्या मैत्रिणीचं. तिनं फक्त तुला लिहिलेलं तू ग्रुपवर टाकलंस, आणि ते सगळ्यांनी वाचलं. तेव्हापासून तू म्हणते आहेस, "मी घाणेरडी आहे, मी शाळेत जाणार नाही." मला तुझा त्रास दिसतो. पण या सगळ्या वाक्यांत ती कुठेच नाही, बघ. तिचं गुपित उघड झालं, आणि सोमवारी वर्गात तिलाही जायचंय.

आपल्याकडे माफी मागताना "माझं चुकलं" म्हणतात. 'मी चुकीची आहे' असं त्यात नाही. आपण 'रस्ता चुकला' म्हणतो ना, तोच हा चुकणे. रस्ता चुकलेली मुलगी वाईट नसते, तिला परत फिरायचं असतं. मात्र 'माझं' हा शब्द गाळू नकोस. नुसतं "चुकून झालं" म्हटलं की करणारं कुणी उरतच नाही, आणि तू ते चुकून टाकलं नव्हतंस.

तिला काय लिहायचं ते तूच ठरव, मी सांगणार नाही. फक्त "मी किती वाईट आहे" असं लिहू नकोस. त्यावर तिलाच "नाही गं, तू चांगली आहेस" म्हणावं लागेल, दुखावली ती आणि समजूत मात्र तुझी काढायची. तू काय केलंस ते लिही, त्यामुळे तिचं काय झालं ते लिही, आणि ग्रुपवर सगळ्यांना काय सांगणार आहेस ते लिही. मग तिला वेळ दे. ती लगेच बोलेल असं नाही. कदाचित बोलणारही नाही, आणि तो तिचा हक्क आहे.

आज रात्री मी जागीच आहे. लिहून झालं की पाठवण्याआधी वाचून दाखवावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तरी चालेल.

तुझी
आई