मॉरिशस आणि सेशेल्सच्या रुपयांचा जुना दर: 2008 मधली ती घसरण चूक आहे का?

तुमचा प्रश्न असा: मॉरिशसचा रुपया आणि सेशेल्सचा रुपया यांच्या परस्पर दराचा 1975 पासूनचा वार्षिक तक्ता करायचा आहे, पण 2008 च्या शेवटी सेशेल्सचा रुपया एकदम कोसळलेला दिसतो. हा आकडा चुकून पडला आहे का?

नाही, आकडा बरोबर आहे. उलट त्याच्या आधीची सात-आठ वर्षं जपून वापरा. मी 2006 पासून काही वर्षं सेशेल्सच्या राजधानीत, व्हिक्टोरियात, एका बांधकाम कंपनीचे हिशेब पाहत होतो, त्यामुळे हा काळ मी जवळून पाहिला आहे.

आधी मागचं थोडं. हे दोन्ही रुपये मुळात आपल्याच रुपयाच्या घरातले. मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर भारतातून मजूर गेले, त्यांत आपल्या कोकणातलीही माणसं होती. भारताशी व्यापारही मोठा होता. म्हणून 1876 च्या कायद्याने मॉरिशसमध्ये रुपया आला, आणि 1934 पर्यंत तिथे रुपयाची नाणी भारतातलीच चालत. मॉरिशसच्या नोटेवर आजही देवनागरीत रक्कम छापलेली असते. सेशेल्स 1903 पर्यंत मॉरिशसच्या कारभाराखाली होतं, तिथे स्वतःच्या नोटा 1914 साली निघाल्या. 1934 मध्ये दोन्ही रुपये पौंडाला बांधले गेले: एक रुपया म्हणजे दीड शिलिंग, एका पौंडाला 13⅓ रुपये. नोव्हेंबर 1967 मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं तेव्हाही दोघे त्याच्याबरोबर उतरले. म्हणजे 1975 च्या रकान्यात तुम्ही निःशंकपणे 1 लिहा.

जोडी फुटली ती जानेवारी 1976 मध्ये. मॉरिशसने पौंड सोडला आणि रुपया आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआरला बांधला, म्हणजे मोठ्या चलनांच्या टोपलीवर बेतलेल्या हिशेबी एककाला. दर ठरला 1 एसडीआरला 7.71 रुपये. सेशेल्स मात्र पौंडाबरोबरच राहिला. त्याच वर्षी पौंड घसरला, आणि 1976 च्या शरदात सेशेल्सचा रुपया मॉरिशसच्या 80 सेंटांच्या आसपास आला. आज सेशेल्सचा रुपया महाग म्हणून माहीत असलेल्यांना हे खरं वाटत नाही.

पारडं फिरलं 1979 मध्ये. ऑक्टोबरात मॉरिशसने अवमूल्यन करून 1 एसडीआरला 10 रुपये केले. नोव्हेंबरात सेशेल्सनेही पौंड सोडून एसडीआर धरला, 8.3197 ला. इथे भागाकार सरळ होतो: सेशेल्सचा 1 रुपया म्हणजे मॉरिशसचे 1.20. मार्च 1981 मध्ये सेशेल्सने आपल्या रुपयाचं मूल्य वाढवून 1 एसडीआरला 7.2345 केले, की झाले 1.38. सप्टेंबरात मॉरिशस 12 वर गेला, की 1.66. एका वर्षात दोन उड्या आहेत, म्हणून 1981 ला वार्षिक सरासरी न देता तिन्ही टप्पे वेगळे दाखवा.

आता तुमची शंका. 2005 च्या सुमारास डॉलरला सेशेल्सचे साडेपाच रुपये आणि मॉरिशसचे एकोणतीस-तीस, म्हणजे कागदावर परस्पर दर पाचाच्या वर. पण त्या भावाने परकीय चलन मिळत कुठे होतं? आमचा काही माल मॉरिशसच्या राजधानीहून, पोर्ट लुईसहून, यायचा, बिल युरोत असायचं. म्हणजे शेजारच्या दोन बेटांचे रुपये एकमेकांना भेटतच नसत. पैसे पाठवायचा अर्ज बँकेत द्यायचा आणि वाट पाहायची. माझ्याकडे एक वही होती: डावीकडे अर्जाची तारीख, उजवीकडे पैसे सुटल्याची. मधलं अंतर कधी तीन आठवडे, कधी अडीच महिने. घाई असणारे लोक बाहेर चढ्या भावाने डॉलर घेत. बँकेचा दर जाहीर होता, पण त्या दराने माल सुटत नव्हता.

2007 मध्ये सरकारी दर आठाकडे सरकला. 2008 च्या ऑक्टोबरात देशाला परदेशी कर्जाचं व्याज भरता आलं नाही, आणि नोव्हेंबरपासून नाणेनिधीच्या मदतीने रुपया मोकळा सोडला. वर्षअखेर डॉलरला सोळाच्या वर रुपये पडत होते, मॉरिशसचे साधारण बत्तीस. परस्पर दर दोनाच्या आत. घरी पाठवायच्या माझ्या पगाराची किंमत निम्मी झाली, पण अर्ज केला की पैसे सुटू लागले, आणि त्या वहीची गरज संपली.

म्हणून 2008 ची वार्षिक सरासरी काढूच नका. ऑक्टोबर अखेरपर्यंतचा एक आणि नोव्हेंबर-डिसेंबरचा एक, असे दोन आकडे ठेवा, आणि 2000 ते ऑक्टोबर 2008 च्या रकान्यांवर ‘सरकारी दर’ अशी टीप हवीच. कोविडमध्ये दर पुन्हा दोनाच्या जवळ आला होता, 2023 मध्ये तो तीनाच्या थोडा वर होता.

आकडे घेताना दोन्ही मध्यवर्ती बँकांच्या तक्त्यांतला डॉलरचा दर घ्या, एकाच तारखेचा, आणि एकीकडे खरेदीचा व दुसरीकडे विक्रीचा असं होऊ देऊ नका. 1990 च्या आधीचं नाणेनिधीच्या आंतरराष्ट्रीय वित्तीय आकडेवारीत मिळेल. तिथे महिनाअखेर आणि महिन्याची सरासरी असे दोन वेगळे रकाने असतात. त्यातला एकच निवडून शेवटपर्यंत तोच वापरा.