हेडस्पेसला ‘शिरोअवकाश’ म्हणावं का?

प्रश्न असा आला होता की जुन्या थ्री नॉट थ्री रायफलवरच्या लेखाचं भाषांतर चाललंय, त्यात हेडस्पेस गेज (माप तपासायचा तुकडा) लावून तपासतात असं आहे, तर हेडस्पेसला ‘शिरोअवकाश’ चालेल का.

माझ्या मते अजिबात चालणार नाही. या शब्दातलं ‘हेड’ म्हणजे आपलं डोकं नाहीच. काडतूस उभं केलं तर गोळीचं टोक वर, ते आपल्याला डोकं वाटतं, पण इंग्रजीत काडतुसाचं हेड म्हणजे खालची बाजू, जिथे पिन आपटते ती. आपण त्याला सरळ बूड म्हणतो, हंड्याचं बूड तसं. आणि ‘स्पेस’ ही रिकामी जागा पण नाही, ते एक अंतर आहे, बोल्टच्या (नळीची मागची बाजू बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) तोंडापासून ते काडतूस पुढे सरकताना नळीत जिथे अडतं तिथपर्यंतचं. म्हणजे शिर पण चुकलं आणि अवकाश पण!

आता काडतूस कुठे अडतं ते प्रत्येकाचं वेगळं असतं. थ्री नॉट थ्रीच्या बुडाला बाहेर आलेला काठ असतो, तो काठ अडतो, म्हणून लीएनफील्डमध्ये, म्हणजे आपल्या थ्री नॉट थ्री रायफलमध्ये, हे माप अगदी छोटं, 0.064 इंच, आणि ब्रिटिश लष्करात 0.074 पर्यंत चालवून घ्यायचे, म्हणजे सगळी सूट मिळून पाव मिलिमीटर फक्त. पुढे बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात त्याच धाटणीची 7.62 मिलिमीटरची रायफल बनली, त्या काडतुसाला असा काठ नाही, ते खांद्यावर अडतं (हो, बाटलीसारखा उतार असतो त्याला खांदाच म्हणतात), त्यामुळे तिथलं गेज वेगळं आणि लांब.

तपासायची रीत कळली की शब्द आपोआप सुचतो. काडतुसाऐवजी नेमक्या मापाचं पोलादी गेज आत ठेवायचं आणि बोल्ट बोटांनी हलकेच बंद करायचा, जोर लावायचा नाही. गो गेजवर (कमीत कमी मापाच्या) बंद झाला पाहिजे, नो-गोवर (जास्तीच्या मापाच्या) होता कामा नये. जास्तीच्या मापालाही बंद होत असेल तर काडतूस आत सैल बसतंय, मग बार उडताना काडतुसाचं पितळी कवच मागे ताणलं जातं, बुडाजवळ तुटू शकतं, आणि तापलेला गॅस मागे, म्हणजे उडवणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. हे जीवावरचं काम आहे म्हणून शब्द ढिसाळ नको असं मला मनापासून वाटतं.

सगळा प्रश्न काडतूस कसं ‘बसतं’ याचा आहे ना, मग ‘बैठक’ घ्या की! पहिल्यांदा ‘काडतुसाची बैठक (हेडस्पेस)’ असं लिहा, नंतर नुसती बैठक पुरे. पोकळी किंवा फट लिहू नका, बुडामागे जी खरी फट उरते ती वेगळी गोष्ट आहे, तिच्यासाठी ‘फट’ राखून ठेवा. गेज, बोल्ट तसेच राहू द्या, कुठल्याही वर्कशॉपात तेच बोलतात. अहो काडतूस तरी कुठे आपलं, पोर्तुगीज कार्तुशवरून आलेलं, आणि जुन्या ठासणीच्या बंदुकीत दारू-गोळी पुढूनच ठासायची म्हटल्यावर काडतुसाच्या बैठकीला जुना शब्द मिळणार कुठून.

तुमचं वाक्य मग असं होईल: ‘नो-गो गेजवरही बोल्ट बंद होतोय, म्हणजे बैठक वाढलीय, जाणकाराने तपासल्याशिवाय ही रायफल उडवू नये.’