वाचकांचे प्रश्न : बूट होणाऱ्या बॅकअपसाठी कोणती डिस्क घ्यावी?

प्रश्न : मी भाषांतराचे काम घरून करते. संगणकातील डिस्क एखाद्या दिवशी अचानक बंद पडली, तरी काम अडू नये, यासाठी नुसत्या फाइलींची नक्कल न ठेवता, ज्यावरून संगणक थेट चालू करता येईल असा संपूर्ण बॅकअप एक्स्टर्नल डिस्कवर ठेवण्याचा माझा विचार आहे. संगणकात ५१२ जीबीची एसएसडी असून त्यातील सुमारे ३०० जीबी जागा भरलेली आहे. अशा कामासाठी ४ टीबीची साधी हार्ड डिस्क घ्यावी, की १ टीबीची एसएसडी?

उत्तर : १ टीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवरची डिस्क, घ्यावी. साध्या बॅकअपच्या डिस्कवर फाइली फक्त पडून असतात. बूट होणाऱ्या डिस्कवरून मात्र, मूळ डिस्क बंद पडलेल्या दिवशी, आपला संपूर्ण संगणक चालणार असतो. त्यामुळे येथे क्षमतेपेक्षा वेगाला अधिक महत्त्व आहे, आणि तेही खोक्यावर छापलेल्या वेगाला नव्हे.

मिनिटाला ५४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क एखादी मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला १०० ते १४० एमबी इतका वेग सहज देते आणि आकडा म्हणून तो वाईट नाही. पण संगणक सुरू होताना हजारो लहान लहान फाइली डिस्कच्या वेगवेगळ्या भागांतून उचलाव्या लागतात. तबकडीचा एक फेरा पूर्ण व्हायला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला भाग वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते आणि टोक त्या जागी सरकण्याचा वेळ निराळा. एवढ्या हिशेबात सेकंदाला शंभर ठिकाणेही वाचून होत नाहीत, तर एसएसडी तेवढ्याच वेळात हजारो ठिकाणी वाचते. बॅकअप रात्री आपोआप होत असतो तेव्हा हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. तो जाणवतो तो संकटाच्या दिवशी, जेव्हा डेस्कटॉप दिसायलाच कित्येक मिनिटे जातात आणि प्रत्येक क्लिकनंतर वाट पाहावी लागते. मॅकवर तर २०१७ पासून वापरात आलेली एपीएफएस ही फाइल व्यवस्था एसएसडी डोळ्यांसमोर ठेवूनच रचलेली असल्याने फिरत्या तबकडीवर ती अधिकच रेंगाळते.

मात्र खरेदीपूर्वी आपला संगणक बाहेरच्या डिस्कवरून मुळात बूट होतो का, हे पाहणे अत्यावश्यक आहे, कारण याचे उत्तर प्रत्येक संगणकाबाबत वेगळे आहे. जुन्या इंटेल मॅकवर हा मार्ग उत्तम चालतो. फक्त नवी डिस्क जीयूआयडी पार्टिशन पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावी. टी२ ही सुरक्षा चिप असलेल्या इंटेल मॅकमध्ये बाहेरच्या डिस्कवरून सुरू होण्यास मुळात मनाई असते. ती रिकव्हरी या दुरुस्तीच्या विभागातील स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटीमधून उठवता येते, पण त्यासाठी आतल्या डिस्कवरील अ‍ॅडमिन खात्याचा पासवर्ड लागतो. म्हणजेच डिस्क बंद पडल्यानंतर परवानगी देऊ म्हटले तर वेळ निघून गेलेली असते. ही परवानगी आजच देऊन ठेवावी.

२०२० च्या अखेरीपासून आलेल्या अ‍ॅपल सिलिकॉन (अ‍ॅपलच्याच चिपच्या) मॅकबाबत तर अपेक्षाच बदलावी लागेल. हे मॅक बाहेरच्या डिस्कवरून चालतात, पण सुरुवातीचा टप्पा आतल्या स्टोरेजवरूनच पार पडतो. आतले स्टोरेज पूर्ण निकामी झाले, तर बाहेर कितीही चांगली प्रत असली तरी मॅक सुरू होत नाही. आपला संगणक असा असेल, तर बूट होणाऱ्या प्रतीचा आग्रह सोडून संपूर्ण डेटाचा बॅकअप ठेवावा आणि दुसऱ्या मॅकवर तो मायग्रेशन असिस्टंट या मॅकमधील साधनाने उतरवून घेण्याची तयारी ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

विंडोजमध्ये अडचण वेगळी आहे. यूएसबी डिस्कवरून चालण्यासाठी असलेली ‘विंडोज टू गो’ ही सोय मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये काढून टाकली, आणि नेहमीच्या विंडोजची प्रत यूएसबीवरून सुरू करण्याला अधिकृत पाठबळ नाही. येथे एक चांगला उपाय आहे. आपल्या संगणकातील एसएसडी बदलता येण्याजोगी असेल, तर ती ज्या प्रकारची आहे त्याच प्रकारची, तेवढ्याच किंवा अधिक क्षमतेची दुसरी एसएसडी आणि ती बसवण्यासाठी यूएसबी केसिंग, म्हणजे यूएसबीने जोडता येणारी डबी, घ्यावे. एम.२ प्रकारची एसएसडी च्युइंगमच्या पट्टीएवढी असते आणि बहुधा एकाच बारीक स्क्रूने जागेवर बसते. क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, त्या केसिंगमधल्या एसएसडीवर घेत राहावे आणि मूळ डिस्क गेली की केसिंग उघडून तीच संगणकात बसवावी. डिस्क कूटबद्ध करणारे (एन्क्रिप्शनचे) बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. लिनक्समध्ये बाहेरच्या डिस्कवरून बूट होण्यात फारशी अडचण येत नाही. मात्र क्लोनझिलासारख्या साधनाने केलेल्या प्रतीचे यूयूआयडी, म्हणजे डिस्कच्या भागांचे ओळख क्रमांक, मूळ डिस्कसारखेच राहतात. दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडलेल्या असताना बूट केल्यास प्रणाली भलतीच डिस्क उचलण्याचा संभव असतो.

केबलकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. यूएसबी-सी हे केवळ खाचेच्या आकाराचे नाव असून त्यावरून वेग कळत नाही. फोन चार्ज करण्यासाठी मिळणारी केबल पुष्कळदा यूएसबी २.० च्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला जेमतेम ४० एमबी डेटा नेते. तिच्यावरून ३०० जीबीची पहिली प्रत व्हायला दोन तासांहून अधिक वेळ लागेल आणि त्यावरून संगणक चालवणे तर त्रासदायकच होईल. डिस्कसोबत आलेली केबल तिच्यासोबतच ठेवावी आणि डिस्क हबला न जोडता थेट संगणकाच्या पोर्टला जोडावी. डिस्कचे पासवर्डचे कुलूप उघडण्यासाठी तिचे स्वतःचे सॉफ्टवेअर चालवावे लागत असेल, तर ते कुलूप लावू नये, कारण ते सॉफ्टवेअर चालायला आधी संगणक चालू असावा लागतो. कूटबद्धता हवी असल्यास ऑपरेटिंग प्रणालीचीच वापरावी.

आणि प्रत तयार झाल्याचा संदेश दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये. इंटेल मॅकवर ऑप्शन की दाबून, अ‍ॅपल सिलिकॉनवर पॉवर बटण दाबून धरून, आणि इतर संगणकांवर निर्मात्याने ठरवलेल्या कीने बूट मेन्यू उघडून, त्या डिस्कवरून संगणक प्रत्यक्ष सुरू करावा. आपले भाषांतराचे सॉफ्टवेअर परवाना मागते का, ईमेल उघडते का, हे पाहावे. केसिंगचा मार्ग निवडल्यास एसएसडी एकदा संगणकात बसवून पाहावी. प्रणालीचे प्रत्येक मोठे अपडेट झाल्यावर ही चाचणी पुन्हा करावी.

प्रश्न : माझ्याकडे ४ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आधीच आहे. तिचे दोन भाग करून एकावर बूट होणारी प्रत आणि दुसऱ्यावर कुटुंबाचे फोटो ठेवले तर चालेल का?

उत्तर : तांत्रिकदृष्ट्या चालते, पण असे करू नये. डिस्क पडली किंवा बिघडली की दोन्ही भाग एकदमच जातात, आणि त्या फोटोंची दुसरी प्रत नसेल तर नुकसान कायमचे होते. शिवाय अनेक पोर्टेबल हार्ड डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यांत डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिलेल्या असल्याने मधली एक बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात, आणि रोज बदलणाऱ्या प्रतीसाठी हे गैरसोयीचे आहे. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीची खाच थेट डिस्कच्या सर्किट बोर्डावरच डाखलेली असते. ती सैल झाली तर आतली डिस्क काढून दुसऱ्या केसिंगमध्ये बसवण्याचा मार्गही राहत नाही.

ही ४ टीबीची डिस्क टाकून मात्र देऊ नका. हुबेहूब प्रतीचा एक दोष असा, की आज चुकून पुसलेली फाइल पुढच्या प्रतीतूनही नाहीशी होते. म्हणून जुन्या आवृत्त्या जपणारा टाइम मशीन किंवा फाइल हिस्टरीसारखा बॅकअप या मोठ्या डिस्कवर घ्यावा. त्या कामाला वेग कमी लागतो आणि जागा भरपूर लागते.

प्रश्न : एसएसडी बराच काळ न वापरता ठेवली तर तिच्यातील डेटा जातो, असे ऐकले. हे खरे आहे का?

उत्तर : त्यात तथ्य आहे, पण भीती बाळगण्याइतके नाही. एसएसडीमध्ये डेटा विद्युतभाराच्या रूपात साठवलेला असतो आणि तो फार हळूहळू गळतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार साध्या ग्राहकांसाठीच्या एसएसडीने, तिची लेखनक्षमता पूर्ण वापरून झाल्यानंतरही, ३० अंश सेल्सिअसला वीज नसताना १ वर्ष डेटा टिकवणे अपेक्षित आहे. नवी, कमी वापरलेली डिस्क त्याहून बराच काळ टिकवते; उष्णता वाढली की हा काळ घटतो, म्हणून डिस्क बंद गाडीत किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. बूट होणारी प्रत वर्षभर जुनी असेल तर ती तशीही उपयोगाची नाही. आठवड्यातून एकदा डिस्क जोडून प्रत अद्ययावत करावी आणि काम होताच इजेक्ट करून काढून ठेवावी. सतत जोडलेली राहिली, तर खंडणीसाठी फाइली अडवणारे रॅन्समवेअर मूळ डिस्कबरोबर तिच्यावरील फाइलीही बंदिस्त करू शकते.