प्रिंटरचे चारही रंग एकदम गेले म्हणजे हेड गेलं असं लगेच मानू नका

शाईच्या टाक्यांचा प्रिंटर पेपर ओढत नाही म्हणून सर्व्हिस सेंटरला दिला, घरी आल्यावर पहिली पाच-सहा पानं झकास आली, मग चारही रंग फिके होत होत कोरा कागद यायला लागला, हेड क्लीनिंग (म्हणजे कागदावर शाई फेकणारं हेड मशीनकडूनच साफ करून घेणं) केलं तर आणखीच बिघडलं आणि आता सेंटरवाले म्हणतात हेड गेलं, खर्च नव्या मशीनच्या जवळपास. तुम्ही लिहिलेलं हे सगळं जसंच्या तसं माझ्या घरात घडून गेलंय, म्हणून सविस्तर लिहितेय. हेड बदलायला आज तरी हो म्हणू नका. आणि क्लीनिंगचं बटण दाबणं आत्ताच्या आत्ता थांबवा.

आधी सांगून टाकते, मी इंजिनिअर वगैरे नाही. सिंहगड रोडला आठवी ते दहावीचे क्लास घेते, रोजच्या प्रश्नपत्रिका घरीच छापते, त्यामुळे प्रिंटर बंद म्हणजे माझं काम बंद. एवढ्या वर्षांत जे कळलं तेवढंच सांगतेय, तुमचं मॉडेल वेगळं असेल तर मॅन्युअल बघूनच हात लावा.

नॉझल चेकचा (हेडच्या बारीक छिद्रांतून शाई येते का ते दाखवणारा) कागद नीट बघा. हेड चोक होतं तेव्हा साधारणपणे एखाद्या रंगाच्या पायऱ्यांमधल्या काही रेघा तुटक येतात, मधेच गायब असतात, आणि बाकीचे रंग ठणठणीत असतात. बऱ्याचदा काळाच जातो, कारण काही मॉडेलमध्ये काळी शाई पिगमेंटची, म्हणजे बारीक कणांची असते आणि ती लवकर वाळून धरते. पण काळा, निळा, गुलाबी, पिवळा असे चौघं एकाच दिवशी, एकाच चालीने वाळले असं सहसा होत नाही हो. चारही एकदम फिके पडत गेले म्हणजे शाई हेडपर्यंत पोचत नाहीये असा संशय आधी घ्यायचा. पहिली पाच-सहा पानं चांगली का आली? कारण हेडमध्ये आणि त्याच्या वरच्या छोट्या कप्प्यांत शिल्लक होती तेवढी शाई संपेपर्यंत मशीन छापत राहिलं. मागून पुरवठा नाही, मग थांबलं.

आणि पुरवठा का नाही, तर बऱ्याच टँक प्रिंटरना, विशेषतः जरा जुन्या मॉडेल्सना, टाकी आणि हेडच्या मधे शाई अडवणारा एक व्हॉल्व्ह असतो. कुठे टाकीच्या बाजूला गोल खुंटीसारखा, कुठे आत लिव्हर. मशीन कुठे न्यायचं असेल तर तो बंद करतात, कारण रिक्षात आडवंतिडवं झालं की शाई आत सांडते आणि मग खरंच आतल्या सर्किट बोर्डाचं नुकसान होतं. म्हणजे सेंटरवाल्यांनी नेताना बंद केला असेल तर ते बरोबरच केलं. पण परत आणून ठेवल्यावर तो उघडायचा असतो, आणि घरच्या माणसाला तो दाखवायचा असतो. स्ट्रॉच्या वरच्या तोंडावर बोट दाबून ठेवलं की सरबत स्ट्रॉमधून खाली पडत नाही ना, तसंच हे, टाकी काठोकाठ भरलेली असली तरी खाली काही येणार नाही.

आता माझं सांगते. ऐन आषाढात मशीन एका वेळी दोन-दोन कागद ओढायला लागलं, कधी एकही ओढेना. पेठेतलं एक ऑथोराइज्ड सेंटर आहे, नाव लिहीत नाही, त्यांचा माणूस घरी आला आणि म्हणाला वर्कशॉपला न्यावं लागेल. नेलं, आणलं, कागद ओढणाऱ्या रोलरचं बिल घेतलं, एक टेस्ट पान काढून दाखवलं आणि गेला. संध्याकाळी दहावीच्या पोरांची भूमितीची प्रश्नपत्रिका छापायला घेतली तर थोड्या पानांनंतर आकृत्यांच्या रेघा करड्या, मग पुसट, मग नुसता पांढरा कागद सरसर बाहेर. फोन केला तर म्हणाले हेड क्लीनिंग करा. केलं. काही फरक नाही म्हटल्यावर म्हणाले अजून करा. मग म्हणाले इकडे घेऊन या.

माझी एक सवय आहे, महिन्याला किती शाई जाते त्याचा हिशेब लागतो म्हणून टाक्यांवर मार्करने बारीक रेघ मारून तारीख लिहिते. सेंटरच्या काउंटरवर त्या मुलाने माझ्यासमोर क्लीनिंगवर क्लीनिंग लावली, मशीन घरघर करतंय, पंप चालल्याचा आवाज येतोय, आणि मी बघतेय तर चारही टाक्यांतली शाई माझ्या रेघेला चिकटलेली, केसभरसुद्धा खाली नाही. मी त्याला म्हटलं, अहो शाई उतरतच नाहीये, मग साफ काय होतंय? त्याचं उत्तर, मॅडम हेड ब्लॉक आहे म्हणूनच उतरत नाही. ऐकायला बरोबर वाटतं! पण चारही रंग एकसारखे कसे अडले याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं आणि शोधायची इच्छाही दिसली नाही. त्याच्या मागे बसलेल्या साहेबांनी मान वर न करता हेड आणि बोर्ड असं एस्टिमेट सांगितलं, नव्या मशीनच्या निम्म्याच्या वर. मी म्हटलं लेखी द्या. म्हणाले लेखी फक्त काम मंजूर केल्यावर मिळतं, आणि तपासणीचे पैसे तर आत्ताच द्या.

याहून वाईट पुढे झालं. इतक्या क्लीनिंगनंतर मशीनवर पॅड भरल्याचा मेसेज आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, क्लीनिंगमध्ये ओढलेली शाई मशीनच्या तळाशी एका स्पंजसारख्या पॅडमध्ये जाते, आणि तो किती भरला हे मशीन सहसा क्लीनिंगच्या मोजणीवरून ठरवतं, पॅड उघडून बघत नाही. म्हणजे शाईचा थेंबही गेला नाही तरी आकडा वाढतच राहतो. माझा पॅड रिकामाच म्हणायला हवा आणि मेसेज भरल्याचा! त्या पॅडचे पैसेही मलाच भरावे लागले. म्हणून म्हणतेय, क्लीनिंग थांबवा. व्हॉल्व्ह बंद असताना क्लीनिंग केलं की आहे ती शाईही निघून जाते आणि हेडमध्ये हवा शिरते. एचपी आणि कॅननच्या हेडमध्ये तर शाई उष्णतेने फेकली जाते, ती हेड कोरडी चालवली तर जळू शकतात. एप्सनचं तंत्र वेगळं, तिथे दाबाने फेकतात, पण हवा शिरली की तेही छापत नाही.

शेवटी तपकीर गल्लीत एक दुरुस्तीवाले काका आहेत त्यांच्याकडे गेले. त्यांनी मशीन प्लगला सुद्धा लावलं नाही आधी. टाकीच्या बाजूने हात फिरवला आणि विचारलं, हा बंद का ठेवलाय? मग वरचा स्कॅनरचा भाग उचलून आतल्या नळ्या दाखवल्या. चार बारीक पारदर्शक नळ्या एकमेकींना चिकटून जातात, त्यांत शाईचा एक तुकडा, मग पांढरी रिकामी जागा, मग परत शाई, असं दिसत होतं. ती पांढरी जागा म्हणजे हवा. खुंटी फिरवली, एकदा मोठं क्लीनिंग (पॉवर क्लीनिंग) दिलं तेव्हा ती हवा सरकत सरकत हेडकडे जाताना डोळ्यांनी दिसली आणि टाकीतली शाई पहिल्यांदा माझ्या रेघेखाली गेली. लगेच छापून बघू नका म्हणाले, रात्रभर ठेवा. सकाळी नॉझल चेकमध्ये एक-दोन रेघा सोडल्या तर सगळं आलं, दुपारपर्यंत त्याही आल्या. हेडला काहीही झालेलं नव्हतं!

तर तुम्ही काय करायचं. मशीन घरी असेल तर बंद करून टॉर्चने व्हॉल्व्ह शोधा, शेजारी बहुतेक छपाई आणि वाहतूक अशी दोन चित्रं असतात. नळ्यांत हवा दिसतेय का बघा. कुठल्या टाकीतली शाई खालच्या रेघेच्या खाली गेली असेल तर आधी भरा, तिथूनही हवा शिरते. व्हॉल्व्ह उघडून एक साधं क्लीनिंग, नॉझल चेक, सुधारणा दिसली तर फार तर अजून दोन, आणि मग निदान बारा तास हात लावायचा नाही. हा बारा तासांचा नियम एप्सनच्या मॅन्युअलमध्येच आहे, पण वाचतं कोण, आणि सेंटरवाले सांगत नाहीत. तरीही नाही आलं तर मोठं क्लीनिंग, त्याला शाई खूप लागते, टाक्या निदान एक तृतीयांश भरलेल्या हव्यात. तुमच्या मॉडेलला व्हॉल्व्हच नसेल आणि नळ्याही गच्च भरलेल्या दिसत असतील तर माझा अंदाज चुकू शकतो, मग दुसऱ्या कोणाला तरी दाखवा, पण त्याच सेंटरला दाखवू नका. आणि एचपी, कॅननच्या बऱ्याच टँक मॉडेल्समध्ये हेड वेगळं निघतं, ते एकटं बदलता येतं, त्यामुळे हेड गेलं म्हणजे मशीन गेलं हे तर अजिबात ऐकून घेऊ नका.

सेंटरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जे लोक जॉबशीट (मशीन घेतल्याची, तक्रार लिहिलेली पावती) देत नाहीत त्यांच्या हातात मशीन द्यायचं नाही. देताना कागदावर लिहून घ्या: तक्रार काय, चारही टाक्यांची पातळी किती, एकूण छापलेली पानं किती (काही मॉडेलमध्ये ते टेस्ट पानावर येतं), आणि त्यांच्यासमोरच मोबाईलवर फोटो काढा. वॉरंटी पण बघा, बहुतेक ठिकाणी ती एक वर्ष किंवा अमुक पानं, जे आधी होईल ते, अशी असते. तुमची दुरुस्ती होऊन मशीन बिघडलंय, तर ही सेवेतली त्रुटी आहे असं ठणकावून लिहा, आधी कंपनीला ईमेल, त्यांच्या टोल फ्री नंबरवरच्या गोड बोलण्यावर थांबू नका. मग ग्राहक हेल्पलाइन 1915. ते कोर्ट नाही, तक्रार कंपनीकडे पाठवतात, पण तक्रार क्रमांक मिळतो आणि माझ्या बाबतीत तेवढ्यानेच तपासणीचे पैसे परत आले. पॅडचे नाही आले, त्याचा राग अजून आहे. त्यापुढे जायचं असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला पुण्यातच, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत 2 वर्षं. वकिली सल्ला नाही हा, स्वतःपुरतं वाचलेलं.

पॅडचा मेसेज आलाच तर नेटवरून रीसेट करणारं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवू नका. त्यातल्या कित्येकांबरोबर व्हायरस येतो, आणि पॅड खरंच भरलेला असताना नुसता आकडा शून्य केला तर एक दिवस टेबलावर शाईचं तळं होतं. काही नव्या मॉडेलमध्ये हा पॅडचा डबा घरीच बदलता येतो, नवीन घ्यायची वेळ आली तर हे आधी विचारा, वाय-फाय आणि डिस्प्ले नंतर.

मुळात पेपर ओढण्याची तुमची तक्रार मशीन उचलून न्यायच्या लायकीची होती का हाही प्रश्न आहे. पावसाळ्यात कागद दमट होतो, कडा वळतात, मग एकाला एक चिकटून दोन जातात. रीम उघडली की उरलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटात ठेवा, मागच्या ट्रेमध्ये लागेल तेवढाच घाला, घालताना गठ्ठा फडफडवून घ्या. रोलरवर कागदाची भुकटी बसते, धागे न सुटणारं सुती फडकं किंचित ओलं करून मशीन बंद असताना पुसलं की बऱ्याचदा काम होतं. अगदी हलका कागद घेऊ नका, 75 जीएसएम बरा पडतो, अप्पा बळवंत चौकात पाच-दहा रीम एकदम घेतल्या की भावातही फरक पडतो.

अजून एक, गुरुवारी लाईट जाणार असा मेसेज आला की भिंतीवरचं बटण बंद करायच्या आधी प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा आणि दिवा विझेपर्यंत थांबा, तोपर्यंत हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. तसंच सोडलं तर उघड्यावर वाळतं आणि मग खरं चोकअप होतं. सुट्टीत गावाला गेलात तर आल्यावर आधी नॉझल चेक. एरवी आठवड्याला एक रंगीत पान काढत राहा.

ते लॅपटॉपवर सारखं ऑफलाइन दिसतं असं तुम्ही शेवटी लिहिलंय त्याचा या सगळ्याशी संबंध नाही. बरेच घरगुती प्रिंटर फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, राउटरच्या 5 गिगाहर्ट्झच्या वाय-फायचं नाव वेगळं करून बघा, आणि राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कायमचा राखून ठेवा, तो बदलला की विंडोज जुन्याच पत्त्यावर पाठवत बसतं. प्रिंटमध्ये अडकलेलं काम निघत नसेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) थांबवा, रांग रिकामी करा, परत चालू करा.

मशीन अजून सेंटरवरच असेल तर उद्या आधी जाऊन उचलून आणा, पैसे मागितले तर पावती घेऊनच द्या, आणि त्यांच्यासमोरच व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला आहे त्याचा फोटो काढा. मॉडेल नंबर आणि नॉझल चेकचा फोटो इथे टाका, रात्री क्लास संपल्यावर बघते.