गाजराचा ज्यूस बंद केला तरी चालेल

प्रश्न: सासूबाई 71 वर्षांच्या आहेत, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत ड्राय मॅक्युलर डिजनरेशन (डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत जाण्याचा आजार) सांगितलंय, मधला टप्पा आहे म्हणे, गोळ्या दिल्यात. मी रोज गाजराचा ज्यूस देते. त्यांना शुगरही आहे. नक्की काय खायला द्यावं? आणि त्या भाकरी करायला बसल्या की मला धडकीच भरते, करू द्यावी का?

उत्तर: ताई, आधी ज्यूस थांबवा. गाजर वाईट नाही, पण ते रातांधळेपणाच्या बाजूचं औषध, आणि शुगरवाल्या माणसाला रोज ग्लासभर ज्यूस कशाला, कोशिंबिरीत खाऊ दे की. डोळ्याच्या पडद्याचा जो मधला भाग आहे, ज्याने आपण वाचतो, माणसाचा चेहरा ओळखतो, त्या मॅक्युलात ल्युटीन आणि झियाझँथिन नावाची पिवळी द्रव्यं असतात, आणि ती मिळतात हिरव्या पालेभाज्यांतून, मक्याच्या कणसातून, अंड्याच्या पिवळ्या बलकातून. म्हणजे मेथी, पालक, शेपू, चाकवत, मंडईत जे ताजं दिसेल ते. ही द्रव्यं तेलाशिवाय अंगी नीट लागत नाहीत, म्हणून भाजी नुसती उकडून देऊ नका, थोडं तेल आणि आपला शेंगांचा कूट घातला की काम झालं. सोलापुरात हे कुणाला शिकवायची गरज नाही, फक्त बीपी असेल तर शेंगाचटणीतल्या मिठाकडे बघा. मासे खात असाल तर आठवड्यातून एक-दोनदा जरूर खा, पण ओमेगा थ्रीच्या महागड्या कॅप्सूल या आजारासाठी घेऊ नका, 2013 मध्ये निकाल आलेल्या एरेड्स 2 या मोठ्या अभ्यासात त्यांचा जास्तीचा फायदा दिसला नाही.

एक मात्र बघा, सासूबाईंना रक्त पातळ करायची वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका, आधी डॉक्टरांना विचारा. किडनीचा त्रास असेल तरीही.

गोळ्यांचं म्हणाल तर त्या मुख्यतः मधल्या टप्प्यासाठी असतात, आजार पुढे सरकण्याचा धोका पाच वर्षांत साधारण पाव हिश्श्याने कमी होतो, गेलेली नजर परत येत नाही. त्यामुळे महिन्याभरात फरक पडेना म्हणून बंद करू नका, आणि शेजारणीला अजून काहीच नाही तर तिला "तू पण घे" असंही सांगू नका.

आता भाकरी. करू द्या हो! या आजारात मधलं धूसर होतं, कडेचं दिसत राहतं, पूर्ण अंधार होत नाही. इतक्या वर्षांचा हात आहे, पिठाचा गोळा बोटांना कळतो, काळ्या तव्यावर पांढरी भाकरी चांगली उठून दिसते. अडतं ते पांढऱ्या ताटातल्या भातापाशी, स्टीलच्या वाटीतल्या दह्यापाशी, म्हणून गडद रंगाचं ताट-वाटी आणा, ओट्यावर डोळ्यांत चमकणार नाही असा चांगला दिवा लावा, गॅसच्या बटणावर 'बंद'च्या जागी लाल टेप चिकटवा. मेथी निवडायचं काम तर त्यांच्याकडेच द्या.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. रोज सकाळी नेहमीचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे बघायला सांगा. दोन्ही डोळे उघडे ठेवून नाही, चांगला डोळा वाईटाचं झाकतो. गज वाकडा दिसला, मधेच तुटल्यासारखा वाटला, नवा काळा डाग आला, तर ड्रायचा वेट झालेला असू शकतो, म्हणजे पडद्याखाली नाजूक नव्या रक्तवाहिन्या येऊन गळायला लागतात. त्यावर डोळ्यात इंजेक्शन असतं, डोळ्यापुरती भूल देऊनच देतात, पण वेळेत द्यावं लागतं. "गड्ड्याची जत्रा झाली की दाखवू" असं चालणार नाही, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी रेटिनावाल्या डॉक्टरांकडे जा. तसंही शुगरमुळे पडद्याची तपासणी चुकवायची नाहीच.

प्रश्न: वडील 78 वर्षांचे, याच आजाराने नजर बरीच गेली आहे. हल्ली त्यांना भिंतीवर जाळीची नक्षी दिसते, कधी दारात छोटी मुलं उभी दिसतात, पण बोलत नाहीत. आत्या म्हणते बाहेरचं झालंय. साखर पेठेत आमचं घर आहे, लोक काय म्हणतील म्हणून ते कुणाला सांगत नाहीत. बिडी अजून सुटली नाही.

उत्तर: बाहेरचं काही नाही, आणि वेडही नाही. डोळ्याकडून मेंदूला माल कमी पोचला की मेंदू आपल्या मनाने चित्रं भरतो, याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात, बॉनेट या स्विस माणसाने आपल्याच आजोबांचं हे 1760 मध्ये लिहून ठेवलंय. खूण अशी की नुसतं दिसतं, आवाज येत नाही, आणि हे खरं नाही हे माणसाला कळत असतं. दिसायला लागलं की दिवा लावावा, उघडझाप करावी, नजर डावी-उजवीकडे फिरवावी, बऱ्याचदा जातं. आवाज ऐकू येत असतील, बोलण्यात गोंधळ असेल, नवीन औषध सुरू झालं असेल, तर मात्र फिजिशियनला दाखवा. आणि आत्याबाईंना हे वाचून दाखवा, म्हणजे लिंबू-मिरचीचा खर्च वाचेल.

बिडीबद्दल गोड बोलणार नाही. या आजारात आपल्या हातात असलेलं सगळ्यात मोठं कारण धूम्रपान आहे, 78 व्या वर्षीही सोडलेली चांगली. आणि त्यांना डोळ्याच्या गोळ्या चालू असतील तर पाकिटावर बीटा कॅरोटीन लिहिलंय का ते आजच बघा, बिडी ओढणाऱ्याला किंवा पूर्वी ओढलेल्याला त्याने फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. असेल तर डॉक्टरांकडून ल्युटीनवाली बदलून घ्या, मेडिकलवाल्याने "एकच आहे सगळं" म्हटलं तरी.