‘ग्रुपचं सगळं काम माझ्याच गळ्यात पडतं’

“मॅडम, नावं पाच जणांची आणि राबायचं मी एकटीनं. मी हा कोर्सच सोडते.” साताऱ्याकडची, पस्तिशीतली, नोकरी सांभाळून ऑनलाइन व्यवस्थापन पदविका करणारी. गटप्रकल्पाबद्दलची ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते आणि ती खोटी नसते. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. १९१३ साली छापलेल्या त्याच्या आकड्यांत आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाचा जोर एकट्यानं ओढताना लागायचा त्याच्या जेमतेम निम्मा भरला. ऑनलाइन गटात तर शेजारचा माणूस दिसतही नाही.

तरी मी तिला प्रकल्पाचं गुगल डॉक उघडायला लावलं. त्यातल्या व्हर्जन हिस्टरीत कोणी काय कधी लिहिलं ते वेगवेगळ्या रंगांत दिसतं. चाकणला रात्रपाळी करणाऱ्या एका मुलानं रविवारी दोन परिच्छेद लिहिले होते. ओबडधोबड, पण त्याच्या कारखान्यातले, अगदी खरे. सोमवारी सकाळपर्यंत तिनं ते पुसून आपले घातले होते. पुढच्या आठवड्यात एका मुलीच्या तक्त्याचं तेच झालं. त्यानंतर त्या दोघांचे रंग कुठेच नव्हते.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला वाटायचं, मी सांभाळून घेतेय.”

सांभाळतच होती ती. ‘राहू दे, मी करते’ म्हणत घर चालवलेली बाई मार्कांच्या धास्तीनं दुसरं काय करणार? मला तिचा राग आला नाही, वाईट वाटलं.

आम्ही थोडंच ठरवलं. दुसऱ्याचं पुसायचं नाही, खटकलं तर बाजूला कमेंट टाकायची. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कोण काय करतंय?’ असं सगळ्यांना विचारलं की कोणीच उत्तर देत नाही, म्हणून नाव घेऊन, एकेकाला एकेक भाग मागायचा. आणि रविवारी संध्याकाळी, तो मुलगा जागा असताना, वीस मिनिटांचा कॉल.

तिघं परतले. चौथ्यानं शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही. तिनं मार्गदर्शकांना तसं साध्या शब्दांत कळवलं.

अहवाल दिल्यावर तिचा फोन आला. कारखान्याचा भाग त्या मुलाच्याच शब्दांत गेला होता. “दोन वाक्यांपाशी हात फार शिवशिवले, मॅडम,” ती म्हणाली. “पण कमेंटच टाकली.”